अमेरिकेतल्या छोट्या वायनरींची नॅचरल वाइन : बाटली घरी आल्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंत

नॅचरल वाइनच्या पहिल्याच घोटाला निकाल देणारी दोन तऱ्हेची माणसं मला सारखी भेटतात. एकाला गढूळपणा दिसला की तो म्हणतो, "खराब झालीय, ओतून दे." दुसऱ्याला ग्लासातून सरळसरळ गोठ्याचा वास आला, तरी तो म्हणतो, "नॅचरल आहे ना, अशीच असते." दोघंही चुकतात. बहुतेक वेळा बाटली कुरिअरने आली त्याच संध्याकाळी उघडलेली असते, ती एकतर अतिथंड असते नाहीतर कोमट, आणि स्वयंपाकघरात नुकतीच हिंगाची फोडणी पडलेली असते. अशा वेळी स्वभाव कुठला आणि दोष कुठला हे अनुभवी माणसालाही कळत नाही. म्हणून हा लेख क्रमाने वाचा. एखादा टप्पा गाळलात तर पुढच्या टप्प्याचा निकाल भरवशाचा राहत नाही.

शब्दाबद्दल थोडंसं. आज ज्या अर्थाने "नॅचरल वाइन" म्हणतात, त्या अर्थाला अमेरिकेत कायद्याची व्याख्या नाही. व्यवहारात त्याचा अर्थ असा : द्राक्षं बहुधा रसायनांशिवाय पिकवलेली, रस द्राक्षावरच्या आणि तळघरातल्या यीस्टवरच आंबलेला, बाहेरून जवळजवळ काही न घातलेला, गाळलेला नाही, आणि सल्फाइट (वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग) एकतर अजिबात नाही किंवा बाटली भरताना किंचित. आंबोळीच्या पिठात आपण यीस्टचं पाकीट टाकत नाही, ते आपोआप आंबतं, तसंच हे. ऊन, थंडी, डबा बदलला की आंबोळी बदलते हे आपल्याला ठाऊक असतं. इथेही तीच समज ठेवायची.

## टप्पा १ : लेबल वाचून बाटली निवडा

पुढच्या चित्रावर जाऊ नका, बाटली उलटी करून मागचं बारीक वाचा.

"कंटेन्स सल्फाइट्स" दिसलं म्हणून बाटली परत ठेवू नका. अमेरिकेत वाइनमध्ये एकूण सल्फाइट १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) किंवा जास्त असेल तर ही ओळ छापावीच लागते, आणि आंबताना यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट तयार करतं. म्हणजे बाहेरून काहीच न घालताही ही ओळ येऊ शकते. "यूएसडीए ऑरगॅनिक" शिक्का असलेल्या वाइनमध्ये सल्फाइट घालायला परवानगी नाही. "मेड विथ ऑरगॅनिक ग्रेप्स" लिहिलेल्या वाइनमध्ये १०० पीपीएमपर्यंत चालतं. पण अनेक छोट्या वायनरी प्रमाणपत्राचा खर्च करत नाहीत, म्हणून शिक्का नसणं हाही पुरावा धरू नका.

"प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय" असेल तर निदान ७५ टक्के वाइन त्याच वायनरीत आंबवलेली असते. "सेलर्ड" किंवा "व्हिंटेड" एवढंच असेल तर वाइन दुसरीकडे तयार होऊन आलेली असू शकते. "इस्टेट बॉटल्ड" म्हणजे सगळी द्राक्षं वायनरीच्या स्वतःच्या किंवा ताब्यातल्या मळ्यातली. मला या ओळी समोरच्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात.

पहिल्या बैठकीला चार बाटल्या पुरेत, आणि त्या चार वेगळ्या जातींच्या घ्या. माझी निवड सांगतो. नैसर्गिक बुडबुड्यांची पेट-नॅट : व्हर्माँटच्या 'ला गाराजिस्ता'ची मिळाली तर उत्तम. थंडी सोसणाऱ्या संकरित द्राक्षांची ती वाइन असते, आणि तिथली धारदार आंबट चव तोंडात राहते. पांढरी : ऑरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या 'बो अँड अ‍ॅरो'ची मेलोन नावाच्या द्राक्षाची. सालीसकट आंबवलेली नारिंगी : कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या 'डाँकी अँड गोट'ची, रूसान या पांढऱ्या द्राक्षाची, नाव 'स्टोन क्रशर'. हलकी लाल : बर्कलीच्याच 'ब्रॉक सेलर्स'ची किंवा कॅलिफोर्नियात वाइन करणाऱ्या मार्था स्टूमन यांची. हीच लेबलं हवीत असा हट्ट धरू नका. एका ओक पिंपात साधारण २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या मावतात. एखादी वाइन दोनच पिंपं केलेली असेल तर ती सहाशे बाटल्यांनंतर संपली. दुकानदाराला जात सांगा : "सालीसकट आंबवलेली पांढरी, स्वच्छ चवीची." "स्वच्छ चवीची" हे शब्द जरूर वापरा. पहिल्यांदा चाखणाऱ्यासाठी ती विनंती अगदी योग्य आहे.

सावधान : "सल्फाइट नाही, म्हणजे डोकं दुखणार नाही" हे खरं धरू नका. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, पण डोकेदुखीचं खापर त्यावर फोडायला पुरेसा आधार नाही. अल्कोहोल इथेही आहेच.

## टप्पा २ : बाटलीला विश्रांती द्या

सगळ्यात जास्त वाइन याच टप्प्यावर वाया जाते. खोकं उघडल्याच्या संध्याकाळी बाटली उघडू नका. ट्रकमध्ये हिंदकळलेली, न गाळलेली वाइन चवीला विस्कटलेली लागते आणि साका पूर्ण ढवळलेला असतो. मी निदान एक आठवडा देतो, सल्फाइट नसलेल्या लाल वाइनला दोन. बाटल्या आडव्या ठेवा, अंधारात, शक्यतो १३ अंश सेल्सियसच्या आसपास. तशी जागा नसेल तर स्वयंपाकघरातल्या कपाटापेक्षा फ्रिज बरा. सल्फाइटचं संरक्षण नसलेली, थोडी साखर शिल्लक असलेली वाइन उबेत पुन्हा आंबायला लागते.

उन्हाळ्यात मागवू नका. अनेक छोट्या वायनरी वसंतात आणि शरदातच बाटल्या पाठवतात. त्यांनी "थांबा" म्हटलं तर थांबा. पार्सल घेताना २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाची सही लागते. घरी कोणी नसलं की खोकं दिवसभर तापलेल्या गाडीत फिरत राहतं, म्हणून पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर किंवा कुरिअरच्या केंद्रावर मागवा.

भारतात नेणार असाल तर शुल्काशिवाय २ लिटरची मर्यादा लक्षात ठेवा. ७५० मि.ली.च्या दोन बाटल्या बसतात, तिसरी बसत नाही. त्या दोनांत पेट-नॅट घेऊ नका. प्रवासातले धक्के आणि मुंबईच्या विमानतळाबाहेरची उष्णता तिला मानवत नाही.

तपासा : बूच बाटलीच्या तोंडाबाहेर फुगून आलंय का? कडेला वाइन झिरपल्याचा चिकट डाग आहे का? असेल तर बाटली तापलेली आहे किंवा आत पुन्हा आंबलेली आहे. फोटो काढून दुकानाला लगेच कळवा.

## टप्पा ३ : खोली, ग्लास आणि वेळ ठरवा

मराठी घरात हा टप्पा अवघड जातो. हिंग, लसूण, कढीपत्त्याची फोडणी, तळण, उदबत्ती, ताजा गजरा यांतलं काहीही खोलीत असलं तर वाइनचा वास विसरा. स्वयंपाक दोन तास आधी आटपा, खिडक्या उघडा, उदबत्ती त्या दिवशी चाखणं झाल्यावर लावा. पाहुण्यांना अत्तर न लावता यायला आधीच सांगा. यात संकोच वाटतो, पण न सांगितल्यास सगळ्यांची संध्याकाळ जाते. अर्धा तास आधीपासून चहा, बडीशेप, पान काही नको.

ग्लास साधा, पोट मोठं आणि तोंड निमुळतं असलेला घ्या, सगळ्या वाइनसाठी एकच. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा वास धरतात. म्हणून आधी नुसत्या गरम पाण्याने धुवा, मग ग्लासात चमचाभर वाइन फिरवून टाकून द्या.

सहाजणांना ६०-६० मि.ली. दिली तर एका बाटलीतली ३६० मि.ली. संपते आणि जवळजवळ अर्धी उरते. ती अर्धी दुसऱ्या दिवसासाठी लागणार आहे, ती संपवायची नाही हे आधीच ठरवा. चार वाइन मिळून माणशी २४० मि.ली. होतात. अमेरिकेतलं एक प्रमाणित पेय म्हणजे १२ टक्क्यांच्या वाइनचे सुमारे १५० मि.ली., तेव्हा हे दीडाहून थोडं जास्त झालं. गाडी चालवणाऱ्याने थुंकायचं. त्यावर पुढे बोलू.

## टप्पा ४ : साका बसू द्या, तापमान जुळवा

आदल्या दिवशी बाटल्या उभ्या करा. निदान २४ तास. साका तळाशी बसतो आणि वरची वाइन निवळते. सगळीच निवळेल असं नाही, काही शेवटपर्यंत धूसर राहतात. ते चालतं.

पेट-नॅट ५ ते ७ अंश, पांढरी १० ते ११, नारिंगी १२ ते १४, हलकी लाल १३ ते १४, जड लाल १६ च्या आसपास. घरचा फ्रिज ४ अंशांना असतो, म्हणून पांढरी २० मिनिटं आधी बाहेर काढा आणि नारिंगी ४० मिनिटं. लाल वाइन खोलीत असेल तर उलट तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला" हा सल्ला गार दगडी घरांतला आहे. २३-२४ अंशांना व्हिनेगरची छटा आणि अल्कोहोल पुढे येतात, आणि चांगली वाइनही सदोष वाटते. नारिंगी वाइनच्या बाबतीत नेमकी उलटी चूक होते. रंग पाहून लोक ती पांढरीसारखी गार देतात, मग सालीचा तुरटपणा जिभेला खरवडतो आणि सुगंध दबून राहतो.

## टप्पा ५ : उघडा, आणि पेट-नॅट सिंकमध्येच

पेट-नॅटमध्ये आंबवण बाटलीतच पुरी होते. तळाला यीस्टचा साका असतो आणि दाब किती हे बाटलीगणिक बदलतं. एकदा मी गाडीतून आणलेली बाटली अर्धवट गार असतानाच टेबलावर उघडली. अर्ध्याहून जास्त वाइन छतावर आणि गालिच्यावर गेली, उरलेली चिखलासारखी होती. तेव्हापासून मी हा क्रम मोडत नाही :

१. बाटली फ्रिजमध्ये उभी, पूर्ण एक दिवस. दारात नाही, आतल्या फळीवर. दार उघडझाप होताना साका हलतो.

२. न हलवता सिंकपाशी न्या. खाली स्वच्छ जग ठेवा.

३. झाकण सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं असतं. ओपनर लावून झाकण तळहाताने दाबून धरा आणि किंचितच उचला. फुसफुस ऐकू आली की थांबा.

४. फेस मानेपर्यंत चढला तर पुन्हा दाबा, उतरू द्या, मग पुन्हा किंचित उचला. कधी कधी पाच मिनिटं लागतात. लागू द्या.

५. फेस बसल्यावरच झाकण काढा आणि लगेच ओता.

सावधान : बाटलीचं तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडे नको. बाटली कोमट असेल तर उघडूच नका.

बाकीच्या बाटल्यांना साधा बूचकाढू पुरतो. मेणाने बंद केलेली असेल तर मेण खरवडत बसू नका. स्क्रू मेणातूनच आत घाला, बूच अर्धं वर आलं की सुटलेले तुकडे पुसा, मग पूर्ण काढा.

## टप्पा ६ : ओतण्याचा क्रम

पेट-नॅट, पांढरी, हलकी लाल, नारिंगी. नारिंगी शेवटी ठेवायची, कारण सालीचा तुरटपणा जिभेवर बसला की त्यानंतरची नाजूक लाल पाण्यासारखी लागते. बाटली एकदा तिरकी केली की सहा ग्लास भरेपर्यंत सरळ करू नका. प्रत्येक वेळी सरळ केली की साका उसळतो. शेवटची दोन बोटं वाइन वेगळ्या ग्लासात काढा. ती आरोग्याला वाईट नाही, पण चव पिठूळ असते आणि तिच्यावरून निकाल देऊ नये.

## टप्पा ७ : वास, घोट, आणि थांबणं

आधी ग्लास न हलवता वास घ्या. मग दोनदा फिरवून घ्या. मग लहान घोट, तोंडभर फिरवून, थोडी हवा आत ओढून. थुंका किंवा गिळा. आणि मग वीस सेकंद काही बोलू नका, काही खाऊ नका. ही वीस सेकंदं बहुतेकजण गाळतात, आणि नॅचरल वाइनमधला सर्वांत त्रासदायक दोष याच वीस सेकंदांत प्रकट होतो.

थुंकण्याबद्दल. आपल्याकडे चारचौघांत थुंकणं असभ्य मानतात आणि उष्ट्याचाही विचार असतो, म्हणून एक सामाईक भांडं ठेवलं की कोणी वापरत नाही. प्रत्येकाला आपापला उंच, अपारदर्शक कागदी पेला द्या. संकोच तिथल्या तिथे जातो. वायनरीत चाखायला गेलात तर तिथे थुंकणं हा शिष्टाचारच समजतात. एका दुपारी तीन वायनरी करून गाडी चालवणार असाल तर दुसरा मार्गच नाही.

दहा मिनिटांनी त्याच ग्लासाचा दुसरा घोट घ्या. लिहायचं ते आत्ता लिहा.

## टप्पा ८ : स्वभाव की दोष?

गढूळपणा, तळाचा साका, बुचाला लागलेले साखरेसारखे खडे (ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात), लाल वाइनमध्ये पहिल्या घोटाला जिभेवर किंचित चुरचुर, सायडरसारखी छटा : हे दोष नव्हेत. खाली दिलेल्या पाच गोष्टींकडे मात्र लक्ष द्या.

पादेलोणाचा वास. उकडलेलं अंडं, ओढलेली काडी, काळं मीठ. हवेविना राहिलेल्या वाइनमध्ये गंधकाची संयुगं साठतात त्याचा हा परिणाम. वाइन जगमध्ये ओता, पुन्हा बाटलीत, पुन्हा जगमध्ये. अर्धा तास थांबा. बऱ्याचदा वास पूर्ण जातो आणि खाली सुंदर फळ निघतं. खात्री करायची तर एका ग्लासात तांब्याचा स्वच्छ तुकडा फिरवा. अमेरिकेतली १९८१ पर्यंतची एक सेंटची बहुतेक नाणी ९५ टक्के तांब्याची आहेत, १९८३ पासूनची आतून जस्ताची. वास गेला तर निदान पक्कं. तो ग्लास पिऊ नका, ओतून द्या. लोक पहिल्या दोन मिनिटांत नाक मुरडून टाकून देतात त्यांतल्या कितीतरी बाटल्या या एका कारणाच्या असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्हिनेगर आणि नेलपॉलिश रिमूव्हर. थोडी छटा असली तर वाइनला उठाव येतो. नाकात झोंबायला लागली, घशात जळजळली, तर दोष. हवेने ती जात नाही. अमेरिकेत लाल वाइनसाठी अशा आम्लाची कायदेशीर मर्यादा लिटरला १.४ ग्रॅम आहे, पण नाकाला त्याच्या बरंच आधी कळतं. अर्थात आधी तापमान तपासा. ग्लास थंड करून पुन्हा वास घ्या. थंडाव्यात छटा मागे सरकली तर वाइन ठीक होती, तुम्ही ती गरम दिली होती.

गोठा, घोड्याचं खोगीर, बँड-एड. ब्रेटनोमायसिस नावाच्या यीस्टचं काम. लाल वाइनमध्ये मातीसारखी हलकी छटा मला आवडते. पण फळाचा वास शोधूनही सापडत नसेल आणि दोन वेगळ्या वायनरींच्या वाइन सारख्याच वासाच्या लागत असतील, तर मी तिला दोष म्हणतो. जागेची आणि द्राक्षाची ओळख पुसली जात असेल तर "नॅचरल" म्हणून तिचं समर्थन करायचं कारण नाही.

ओला पुठ्ठा. पावसाळ्यात न वाळलेल्या पोत्याचा वास. हा बहुधा बुचाचा दोष, नॅचरल पद्धतीशी त्याचा संबंध नाही. तासाभराने वाढतो. बाटली परत करा.

उंदरी चव. इंग्रजीत याला "माउस" म्हणतात. ग्लासात वास शुद्ध, घोट छान, आणि दहा-वीस सेकंदांनी घशाच्या मागून शिळा भात, लाह्या, उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव वर येते आणि जाता जात नाही. कारण रसायनाचं आहे. वाइनचा सामू ३ ते ४ च्या दरम्यान असतो, आणि एवढ्या आम्लात हे रेणू उडत नाहीत. लाळेत मिसळून आम्लता उतरली की मगच ते सुटतात. म्हणूनच नाकाने ही वाइन पकडता येत नाही.

आपल्यासाठी यात एक खास अडचण आहे. उंदरी चवीला कारण ठरणाऱ्या मोजक्या रेणूंपैकी एक म्हणजे २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन, आणि बासमतीचा, आपल्या आंबेमोहोराचा सुगंधही प्रामुख्याने त्याचाच. त्यामुळे आपल्यातल्या कित्येकांना सुरुवातीला ही चव ओळखीची, चक्क प्रेमाची वाटते. "भातासारखा छान वास येतोय" असं कोणी म्हणालं की मी लगेच दुसरा घोट घेऊन वाट पाहतो. सर्वांना ही चव सारखी लागत नाही, काहींना अजिबात कळत नाही. म्हणून वाद घालू नका, चाचणी करा : चमचाभर वाइनमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाका, फेस बसू द्या, मग वास घ्या. लाल वाइनचा रंग निळसर-करडा होईल, घाबरू नका. लाह्यांचा वास उठला तर निदान झालं. हातावर थेंब चोळून हुंगलं तरी कळतं, पण सोड्याची चाचणी जास्त स्पष्ट.

तपासा : दोष ठरवण्याआधी ग्लास बदलून पाहिला का? तापमान पाहिलं का? अर्धा तास हवा दिली का? तिन्ही झाल्यावरच दोष म्हणा. आणि दोष ठरला तर उरलेली वाइन ओतू नका. बूच लावून बाटली दुकानात न्या, काय जाणवलं ते नेमक्या शब्दांत सांगा. छोट्या वायनरीला "आवडली नाही" याचा काही उपयोग नसतो. "उघडल्यावर तासाभराने उंदरी चव आली" याचा असतो.

## टप्पा ९ : जेवण मग

चाखणं संपल्यावरच ताटं घ्या. नियम एकच सांभाळा : तिखट आणि तुरट एकत्र नको. मिरचीचा जाळ तुरटपणाने आणि अल्कोहोलने वाढतो. पेट-नॅट बटाटेवड्याबरोबर किंवा साबुदाणा वड्याबरोबर द्या, तळणाला आंबट बुडबुडे फार चांगले वागवतात. नारिंगी वाइन दाण्याचं कूट आणि खोबरं घातलेल्या, कमी तिखट भरल्या वांग्यांबरोबर. तेल आणि कूट तुरटपणा मऊ करतात. गार केलेली हलकी लाल खिमा-पावाबरोबर.

## टप्पा १० : उरलेली अर्धी, दुसऱ्या दिवशी

ओतायच्या वेळीच, पाहुण्यांची वाट न पाहता, उरलेल्या वाइनपैकी निम्मीच मावेल अशी एक छोटी, स्वच्छ, फिरकीच्या झाकणाची बाटली काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. उरलेला भाग मूळ बाटलीत, बूच लावून, शेजारी. पेट-नॅटचा फेस उतरेल, तिच्याकडून फार अपेक्षा नको.

चोवीस तासांनी दोन्हींचा एकेक घोट घ्या, तीच वीस सेकंदं थांबून. चांगली केलेली, सल्फाइट नसलेली वाइन दुसऱ्या दिवशी बहुधा जास्त मोकळी लागते. गंधकाचा वास गेलेला असतो, फळ पुढे येतं. उंदरी चव मात्र हवा लागल्यावर पहिल्यांदाच दिसू शकते. मूळ बाटलीत ती आली आणि काठोकाठ भरलेल्या छोट्या बाटलीत नाही, तर तशी वाइन उघडल्या संध्याकाळीच संपवायची आणि पुन्हा घ्यायची तर पाहुणे असतील तेव्हाच. कापलेल्या सफरचंदासारखी तपकिरी झाली असेल तर तेही लिहून ठेवा. नोंदीत वायनरी, द्राक्ष, वर्ष, आणि मागे बाटली भरल्याची तारीख किंवा लॉट क्रमांक असेल तर तो, सगळं हवं. पुढच्या वर्षीची त्याच लेबलाची वाइन वेगळी असणार आहे, आणि त्याच वर्षाची दुसरी बाटली उघडाल तेव्हा हीच नोंद समोर ठेवायची आहे.